आयत्या वेळचा विषय

अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मॅचेस आपल्याकडं पहाटेपासून दिसतात. त्यामुळं आपल्या देशातल्या कुठल्याच शहाण्या माणसाला त्या बघता येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. शहरातला माणूस त्या वेळी झोपलेला असतो आणि गावातला धारा काढत असतो. उरलेल्यांवर दया म्हणून वाहिनीवाले तीच मॅच दुपारी परत दाखवायचे, तेव्हा आमच्याकडं लाईट नसायची. संध्याकाळी लाईट यायची, तर त्याच वाहिनीवर क्रिकेटची कुठली तरी जुनी मॅच, जिचा निकाल शेंबड्या पोरालाही पाठ. हे वेळापत्रक करणाऱ्याला एकदा धरून आणावं आणि आमच्या चकलांब्याच्या रस्त्यावर टँकरची वाट बघत उन्हात बसवावं, असं मला फार वाटायचं. अजूनही वाटतं.

आमचा टीव्ही गावच्या दूध संस्थेचा. सभासदांना शेतीचे कार्यक्रम बघता यावेत म्हणून रीतसर ठराव करून घेतलेला. शेतीचा कार्यक्रम तिथं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. मी संस्थेत दूध मोजून घ्यायला होतो, म्हणून सकाळी रिमोट माझ्या हाताशी असायचा आणि त्यावरून रोज भांडण व्हायचं. रांगेतल्या म्हाताऱ्यांना भजनं पाहिजेत आणि मला बास्केटबॉल. शेवटी आमच्या चेअरमननी, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं, निकाल दिला: दुधाची रांग संपेपर्यंत भजनं, मग चेंडू. सहकारात मधला मार्ग निघतोच, आणि तो कुणालाच पटत नाही. मला कितीतरी वर्षं एकही मॅच सुरुवातीपासून दिसली नाही.

या खेळाचं वेड शाळेतल्या खेळाच्या सरांनी लावलं. मला नुसतं बघण्याचं लागलं, माझ्या धाकट्या भावाला खेळण्याचं. सगळ्या गावात चेंडू उसळेल अशी जागा एकच होती, संस्थेसमोरचा सिमेंटचा कोबा, जिथं दुधाचे कॅन धुतले जायचे. त्याच्या टोकाला लोखंडी खांब रोवून लोहाराकडून वळवून आणलेली रिंग बसवली होती. दूध संघाची गाडी येऊन गेली की कॅन धुवायचे, ते पाणी वाहून जायचं, कोबा वाळायचा आणि धाकटा टीव्हीवर आत्ता बघितलेलं तिथंच करून बघायचा. ताडमाड पोरगं. आई त्याला रोज म्हणायची, दार बघून चाल. उमापूर, तलवाडा, कुठंही खेळायला गेला तरी त्याच्याभोवती गर्दी व्हायची आणि मी त्या गर्दीत उगाच पुढं पुढं करायचो. त्याचं खेळणं बघणं हेच माझं सुख होतं. दुसरं फारसं नव्हतंच.

तिकडच्या मॅचेस जूनमध्ये संपतात. जुलै लागला की ज्यांचे करार संपलेत असे खेळाडू मोकळे होतात आणि पाहिजे त्या संघात जातात. इकडं त्याच दिवसांत मृग कोरडा गेलेला असायचा आणि लोक आभाळाकडं बघत असायचे. मी मात्र रांगेत प्रत्येकाला सांगत सुटायचो की अमका त्याचा जुना संघ सोडून गेला.

आबांना यात काही विशेष वाटायचं नाही. "म्हंजी टोळीच की. यंदा ह्या मुकादमाकडं ऊस तोडायचा, फुडल्या साली त्येच्याकडं."

"आबा, तिथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलंतं. असं सोडून जायचं?"

"का म्हून गेला पण? तिथं पाऊस न्हाई पडला का?"

सगळी रांग हसायची. मी चिडायचो. ज्या माणसांनी तुमच्या नावानं टाळ्या वाजवल्या त्यांना टाकून जाणारा खेळाडू कितीही मोठा असो, माझ्या लेखी तो उतरलाच. असल्याची मॅच लागली की मी तोंड फिरवून बसायचो, तेवढीच माझी शिक्षा.

मग ओळीनं दुसऱ्या वर्षी पाऊस गेला.

आधी बोर आटला. कॅन धुवायला पाणी नाही म्हणून कोबा चिकट झाला, त्याला आंबूस वास सुटला, चेंडू टाकला की माश्यांचा थवा उठायचा. धाकटा तरी खेळायचा. मग चारा संपला आणि जनावरं छावणीवर गेली. ऊस नाही म्हणून आमच्या भागातला साखर कारखाना बंद पडला होता, त्याच्याच मोकळ्या मैदानावर छावणी. जनावरांमागं माणसंही गेली, आमचे आईवडीलसुद्धा. एका गाईजवळ एक माणूस, असं सगळं गाव तिकडं ताडपत्रीखाली बसलं होतं. दुधाची रांग आखडत आखडत दाराच्या आत आली. पहिलं भजन संपायच्या आत रांग संपायला लागली. मला आता मॅच अगदी पहिल्यापासून दिसत होती, आणि ती बघवत नव्हती.

त्याच दिवसांत धाकट्याला बोलावणं आलं. दक्षिणेकडचा एक सहकारी साखर कारखाना, नदीकाठचा. त्यांचा बास्केटबॉलचा संघ होता. वजनकाट्यावर नोकरी द्यायची आणि कारखान्यासाठी खेळवायचं, अशी त्यांची रीत. धाकटा रिंगखाली उभा राहून मला म्हणाला, "दादा, जाऊ का?"

मी म्हणालो, "सभा हुं दे."

सभेचा याच्याशी काय संबंध, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं मंदिराचा रंग सभेत ठरलाय, बैलपोळ्याला मान कुणाचा हे सभेत ठरलंय. एकदा सभेत मंजूर झालं की माणूस ते मोडत नाही, अशी माझी समजूत होती. धाकट्याला हक्कानं 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती. गावानं म्हणावं, असं मला वाटत होतं.

वार्षिक सभेला गणपूर्ती झाली नाही. कधीच व्हायची नाही. अशा वेळी सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवायची, मग गणपूर्ती लागत नाही. तो अर्धा तास चहाचा. चहा झाला, छावणीवरून आलेले सभासद कोब्यावर सावली धरून बसले आणि शेवटचा विषय निघाला: दूध संकलन पुढील सूचना मिळेपर्यंत बंद ठेवणे. सगळे हात वर. मंजूर. मग आबा नेहमीसारखं म्हणाले, "आयत्या वेळचं कुनाचं काय हाय का?"

मी उभा राहिलो. "आपल्या गावचा खेळाडू गाव सोडून बाहेर जाऊ नये, असा ठराव मी मांडतो."

आमच्यात ठराव मांडणारा उभाच राहतो, कुणीतरी अनुमोदन देईपर्यंत. मी उभा. कुणी बोलेना. आबा पायाच्या नखाकडं बघायला लागले. आत्ताच ज्यांनी आपली डेरी बंद केली होती ती माणसं काय बोलणार? तेवढ्यात मागून आवाज आला, "माझं अनुमोदन."

धाकटा होता.

हशा पिकला. आबांनी विचारलं, "मंजूर?" हात वर गेले. मी मागं वळून बघितलं, धाकट्याचा हात सगळ्यांच्या वर होता. किती दिवसांनी त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दोनच दिवसांनी तो पिशवी घेऊन फाट्यावर उभा होता. मी आणि आबा गेलो.

"हात वर केलतास की तू," मी म्हणालो. "अनुमोदन दिलंतंस!"

"तू येकटाच हुबा व्हतास, दादा," तो म्हणाला. "कुनीच बोलंना. मला बघवलं न्हाई."

एसटी आली. वाकून आत शिरला आणि गेला. मी आबांकडं बघितलं. का म्हून गेला, असं या खेपेला त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या साली पाऊस पडला, चांगला पडला. पण गोठे भरले नाहीत. जनावरं विकली गेली होती, पोरं पुण्याकडं गेली होती. संस्था काही पुन्हा उघडली नाही. आबाही वारले. धाकट्याचं तिकडंच लग्न झालं. फोनवर सांगतो, कारखान्याच्या क्लबात मोठा टीव्ही आहे, लाईट जात नाही, मॅच पहिल्यापासून दिसते. त्याचा मला राग येत नाही, हेच मला सहन होत नाही. टीव्हीतल्या माणसांवर रागावणं किती सोपं होतं!

मागल्या दिवाळीला आला तेव्हा रिंगला लोंबकळून बघितलं आणि हसत म्हणाला, "दादा, त्यो ठराव रद्द कर बाबा येकदाचा. अजून पळून गेल्यावानी वाटतंय मला."

तो गेल्यावर मी खरंच संस्थेची खोली उघडली. टीव्ही कधीच बंद पडलाय. मी कोब्याकडं तोंड करून उभा राहिलो. झालेला ठराव रद्द करायलाही ठरावच लागतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण अनुमोदन लागतं. मांडायला मी उभा आहे. मागून बोलणारा एकच होता.