मंगळवारचा मुलगा

गुरुराज नाडगीरांना हुबळीतले डॉक्टर, वकील, कारखानदार मुद्दाम बोलावून घ्यायचे, आणि ते येऊन गेले की त्या जागेतलं एखादं माणूस कमी व्हायचं. त्यांचा धंदा वेळेचं नियोजन शिकवण्याचा. एका वेळी एकच गिऱ्हाईक घ्यायचे. आठवडाभर त्याच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसायचे, कोण येतं, कोण किती बोलतं ते बघायचे, आणि मग दार लावून घेऊन म्हणायचे, "साहेब, तुमचा दिवस कोण खातंय सांगू?" गिऱ्हाइकाला ते नाव बहुधा आधीच ठाऊक असायचं. दुसऱ्या कुणीतरी ते उच्चारायला हवं असायचं, इतकंच.

ही कला त्यांनी तारिहाळला कमावली. तिथल्या एका कारखान्यात ते कामगार अधिकारी होते. शहाण्णव साली माणसं कमी करायची ठरली, तेव्हा एकेकाला आत बोलावून सांगायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. आवाज चढवायचा नाही, नजर खाली घालायची नाही, समोरचा रडायला लागला की पाण्याचा पेला पुढं सरकवायचा आणि थांबायचं. सगळ्यांना सांगून झालं, तेव्हा मालकांनी त्यांनाच आत बोलावलं. त्यांच्यापुढं कुणी पेलाही सरकवला नाही. मग ते पुण्याला जाऊन वेळेच्या नियोजनाचं एक शिबिर करून आले आणि गावातल्या मोठ्या माणसांना शिकवू लागले. दोन-चार वर्षांत जम बसला.

दोन हजार तीनमध्ये देशपांडे नगरातल्या डॉक्टर किरण हुद्दारांचं बोलावणं आलं. हाडांचे डॉक्टर, खाली दवाखाना, वर घर. आडनाव ऐकून गुरुराजांनी विचारलं, "धारवाडचे का? माळमड्डीचे?"

"होय की. तुम्ही ओळखता?"

"ऐकून आहे," गुरुराज म्हणाले.

ऐकून कसले, त्या घरी ते वर्षभर जेवले होते. शाळेसाठी खेड्यातून धारवाडला आलेलं भटजीचं पोर. आठवड्याचे सात दिवस सात घरी वार लावलेले. मंगळवार हुद्दारांकडे. वेणूबाई हुद्दार आधी त्याच्याकडून विहिरीचं पाणी भरून घ्यायच्या, मग पडवीत पान मांडायच्या. नावानं कधी हाक मारली नाही. "मंगळवार आला का गं?" असं आतल्या बाईला विचारायच्या. एके दिवशी देवघरातलं चांदीचं पंचपात्र दिसेना. वेणूबाईंनी त्याची पिशवी भर रस्त्यात उलटी केली. पंचपात्र निघालं नाही, तरी वार बंद झाला. बातमी गल्लीभर गेली आणि उरलेल्या घरांनीही दारं लावली. काही दिवस चुरमुरे आणि नळाचं पाणी यावर काढून तो गावी परतला. वडिलांनी पोराला गोठ्यात बांधून मारलं. पुढं एका मामानं शिकवलं, नोकरी लागली, सगळं झालं. पण वडील गेले तेव्हाही आपला मुलगा चोर आहे, हे त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत पहिल्याच सकाळी गुरुराजांना दुखणं समजलं. टेबलावर एका बाईचा हात प्लास्टरात घालायला घेतलेला, पट्टी अर्धी गुंडाळलेली, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून फोन आला.

"किरण, माझा चष्मा कुठं रे?"

"आई, टेबलावर असेल बघ."

"नाही. तू वर ये."

डॉक्टर वर गेले. परत येईपर्यंत पट्टी वाळून कडक झाली होती. ती कापून पुन्हा सुरुवात. असं दिवसभर चालायचं. बायकोनं वर जाऊन चालायचं नाही, नर्सनं चालायचं नाही, मुलगाच हवा. म्हातारीची भाची मालती अळणावरहून फोन करून डॉक्टरांना म्हणायची, त्यांना थोडे दिवस माझ्याकडं पाठवा.

आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी स्वतःच दार लावलं. "सांगा सर. काय ते स्पष्ट सांगा."

"आधी त्यांना एकदा भेटतो," गुरुराज म्हणाले.

जिना चढताना त्यांच्या मनात उपाय साधाच होता. दिवसभराची एक बाई ठेवायची, आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ आईजवळ जाऊन बसायचं. जुनं काही काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण वेणूबाई खिडकीशी बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, आवाज मात्र तोच.

"यारु? कोण ते?"

"मी गुरुराज नाडगीर. माळमड्डीला तुमच्याकडं जेवायला यायचो."

म्हातारी खुलली. "अय्यो! आमच्याकडं सात दिवस सात पोरं यायची. तू कुठला वार?"

"मंगळवार."

त्यांनी आठवून बघितलं. "तो हडकुळा? पंचपात्र चोरलेला?"

"मी चोरलं नव्हतं."

"ते ठाऊक आहे रे," त्या हसत म्हणाल्या. "पुढच्याच आठवड्यात सापडलं की! बंबामागं होतं. किरणनंच खेळता खेळता टाकलेलं."

गुरुराजांनी विचारलं, "मग निरोप का नाही पाठवलात?"

"आता तुला शोधत कोण फिरणार होतं? आणि मंगळवारी दुसरा लावला होता ना."

गुरुराजांनी खुर्ची पुढं ओढली. तारिहाळला बसायचे तसे बसले. खालच्या आवाजात म्हणाले, "आई, तुमची सोय अळणावरला केली आहे. तुमच्या भाचीकडं, मालतीबाईंकडं. इथं डॉक्टरांना काम होत नाही."

वेणूबाईंचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातलं पाणी गेलं. "किरणनं सांगितलं असं?"

"होय."

"माझ्यासमोर यायला त्याला काय झालं?"

"वेळ नाही," गुरुराज म्हणाले आणि तिपाईवरचा पेला त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

खाली येऊन त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "त्यांनाच इथला कंटाळा आलाय. अळणावरला भाचीकडं राहते म्हणाल्या. संकोचानं तुम्हाला बोलत नव्हत्या. तुम्हीही विषय काढू नका, उगाच रडारड होईल."

"खरंच? आई स्वतः म्हणाली?" डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी गुरुराजांचे दोन्ही हात धरले.

वेणूबाई गाडीत बसताना मुलाशी एक शब्द बोलल्या नाहीत. डॉक्टरांना वाटलं, जड जातंय तिला. दवाखाना मात्र झपाट्यानं वाढला. डॉक्टर भेटेल त्याला नाडगीर सरांचं नाव सांगायचे, आणि गुरुराजांना दिवस पुरेनासे झाले. सुरुवातीला डॉक्टर अळणावरला जाऊन यायचे. आई भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. गुरुराज म्हणाले, "त्यांना तिथं रुळू द्या. तुम्ही गेलात की त्या बिथरतात." मग डॉक्टर फोन करू लागले. म्हातारी फोनवर यायची नाही, हळूहळू तेही थांबलं.

वर्षभरानं डॉक्टरांनी त्यांनाच बघून यायला पाठवलं. मालतीच्या नवऱ्याची लाकडाची वखार, तिच्या मागची खोली. दिवसभर करवतीचा आवाज. वेणूबाईंची नजर जवळजवळ गेली होती. पावलं ऐकून त्यांनी हात पुढं केला.

"किरण?"

गुरुराज बोलले नाहीत. हात मात्र त्यांनी धरू दिला.

"दुसऱ्याच्या तोंडून का रे सांगितलंस? तू म्हणाला असतास तर गेले असते की मी. माझं काय चुकलं, तेवढं सांग." त्या त्यांची बोटं चाचपत राहिल्या. "बोल की रे, बाळा."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि बाहेर आले. मालती दारात उभी होती. "डॉक्टरांना म्हणावं, एकदा येऊन जा. हल्ली सारखं त्यांचंच नाव चालू असतं."

"सांगतो," गुरुराज म्हणाले. हुबळीला येऊन त्यांनी सांगितलं, सगळं छान आहे.

श्रावण लागायच्या आत वेणूबाई गेल्या. अळणावरच्या स्मशानात माणसं थोडीच होती. सरण पेटल्यावर डॉक्टर गुरुराजांजवळ येऊन उभे राहिले.

"सर, तुम्ही गेला होतात ना मध्यंतरी? आई माझ्याबद्दल काही म्हणाली होती?"

खरं सांगायला ही शेवटची जागा होती, हे गुरुराजांना कळत होतं. बंबामागं पंचपात्र टाकणारा मुलगा हाच, हेही त्यांना दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले. "तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. गुरुराज त्या चेहऱ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांनी आता काहीतरी सुटल्यासारखं वाटेल, असा त्यांचा अंदाज होता. धुरानं घसा खवखवला, एवढंच झालं.

परतीच्या वाटेवर धारवाड आलं तेव्हा डॉक्टरांना हुंदका आवरेना. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. गुरुराज थोडा वेळ थांबले, मग खालच्या आवाजात म्हणाले, "उद्याची ऑपरेशनं पुढं ढकलू नका."

"बरं, सर," डोळे पुसत डॉक्टर म्हणाले.