पिकअपचा मेलेला काटा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी मला आयुष्यात जेवढे धक्के दिले, तेवढे ओल्या हाताने दाबलेल्या बटणानेही कुणाला दिले नसतील. पहिला धक्का तर लग्नातच बसला. सीमांतपूजनाला मी नवे कपडे सावरत पाटावर बसलो होतो, तेवढ्यात एक उंच, काळेसावळे गृहस्थ समोर येऊन उकिडवे बसले. त्यांनी अंगठ्याचं नख माझ्या गालावर हलकेच घासलं, निरखून पाहिलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "जरा कच्चा आहे. पण घरात ठेवला की पिकेल." मी गारच पडलो. नंतर कळलं की मामांची आशागडला चिकूची वाडी आहे आणि झाडावरचा चिकू काढायला आला की नाही, ते असंच नख घासून बघतात. सालीखाली हिरवं दिसलं की फळ कच्चं. माझ्या सालीखाली त्यांना नेमकं काय दिसलं, हे विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मोजल्याशिवाय मानू नये, हे वर्षानुवर्षं मुलांच्या डोक्यात भरवत आलो आहे. मामांचा विश्वास मात्र जगातल्या एकाच यंत्रावर होता, ते म्हणजे त्यांचा स्वतःचा उजवा तळवा. आंघोळीचं पाणी, भाकरीचा तवा, विहिरीवरची मोटर, नातवंडांचा ताप, सगळं ते तळव्याने मोजायचे. एकदा माझ्या मुलीला ताप आला म्हणून मी थर्मामीटर लावला. मामांनी आधी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग थर्मामीटर हातात घेऊन त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "हा थोडा वाढवून बोलतो." विज्ञानाचा एवढा शांत अपमान मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेला नाही.

या मामांकडे एक म्हातारी पिकअप होती. चिकूचे क्रेट भरून ते दर आठवड्याला चारोटीमार्गे तलासरीच्या बाजाराला यायचे. शेजारच्या सीटवर मामी असायच्याच, कारण विकायचं काम त्यांचं. झाडावर चढायला मामा वाघ होते, पण गिऱ्हाईकाला भाव सांगायची त्यांना लाज वाटायची! दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा त्या दोघांबरोबर बसलो. बघतो तर इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा तळाला निपचित पडलेला. चारोटी जवळ आली तरी जागचा हलेना.

"मामा, काटा चालत नाही वाटतं?"

"तो मेला. त्याचं तेरावं पण होऊन गेलं."

"मग इंजिन तापलं तर कळणार कसं?"

मामांनी स्टिअरिंग सोडून उजवा तळवा माझ्या नाकासमोर धरला. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "अहो, जरा थांबा. तहान लागली." मामा करवादले, "हिला पाण्याचा रोगच आहे. घरात नाय लागत, गाडीतच लागते." पण गाडी थांबवली. मामी दोनच घोट प्यायल्या. तोवर मामांनी बॉनेट उघडून तळवा इंजिनाजवळ नेला, पटकन मागे घेतला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघितलंत जावईबापू? तापायला आलं होतं. बराबर वेळेवर थांबलो!" अर्धा तास गाडी सावलीत उभी राहिली.

माझ्या डोक्यातून तो काटा मात्र जाईना. इंजिन एकदा जास्त तापून बसलं की त्या वयाची गाडी पुन्हा उभी राहत नाही, आणि पिकअप बसली की मामा-मामीही वाडीत बसले. भर उन्हात हायवेला दोघं अडकली तर काय, या विचाराने मीच तापायचो. "मेकॅनिककडे न्या," असं मी दोन वर्षं विनवलं. "हात आहे तोवर काटा कशाला?" एवढंच उत्तर मिळायचं.

शेवटी एका मे महिन्यात, बाजार उरकून दोघं आमच्याकडे जेवायला आली असताना मी डाव साधला. मामा आमरस चेपून घोरत होते. मी पाना, पक्कड घेऊन अंगणात गेलो. रीतसर विचार केला. डिझेलचा काटा चालतोय, म्हणजे फ्यूज ठीक आहे. रेडिएटरमध्ये पाणी आहे. आता इंजिनावरच्या सेन्सरची तार काढायची आणि चावी फिरवून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची. काटा उसळला तर दोष सेन्सरचा, नाही उसळला तर तारेचा नाहीतर काट्याचा. बॉनेट उघडून मी तार काढायला हात घातला, तर काढायला तार होतीच कुठे! कुणीतरी ती आधीच सेन्सरवरून उपसून बाजूला नीट बांधून ठेवली होती. हिरव्या लुगड्याच्या पट्टीने, दोन गाठी मारून.

"तेवढं राहू द्या, जावईबापू." मागे मामी उभ्या होत्या.

"मामी, हे तुम्ही केलंत?"

"मग काय करू? काटा चालू होता तवा हे रस्ता बघतच नव्हते, हातबित विसरून काटाच बघत. जरा वर गेला की घाम फुटायचा. एकदा तर पुलाच्या कठड्यालाच घातली असती. नाक्यावरच्या मेकॅनिकला गुपचूप विचारलं, त्यानं तार दाखवली. दिली काढून."

"आणि इंजिन तापलं तर?"

मामी हसल्या. "मी चप्पल काढून बसते ना. पायाखालचा पत्रा चटका देतो. चटका बसला की मला तहान लागते."

मी बॉनेटला धरून उभा राहिलो. सगळ्या जगाला फैलावर घेणारा तो तळवा, आणि त्याला वेळेवर उठवत होती मामींची पावलं! "यांना सांगू नका हां," मामी म्हणाल्या. "मी आहे तोवर चालेल." मी कबूल झालो. सांगून सोसणार होतं कुणाला?

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर मामींना ताप भरला. आम्ही आशागडला पोचलो तेव्हा मामा दारातच म्हणाले, "जावईबापू, तुमचा थर्मामीटर आणलात?" मला जो धक्का बसला तो शब्दांत सांगता येत नाही. "माझ्या हाताला कमीच लागतो हो," ते म्हणाले, "हात मला खरं सांगत नाय." पाचव्या दिवशी मामी गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मामा पुन्हा बाजाराला जाऊ लागले, आता एकटेच, आणि माझी झोप उडाली. आता तहान कुणाला लागणार? एका शनिवारी मी मुद्दाम आशागडहून त्यांच्याबरोबर निघालो. चप्पल काढून बसलो. चारोटीच्या अलीकडे पायाखालचा पत्रा चांगलाच भाजू लागला. मी म्हणालो, "मामा, जरा थांबा. तहान लागली."

मामांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. समोर बघतच ते म्हणाले, "तुमचे पण पाय भाजले काय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी रोज बॉनेट उघडणारा माणूस. तिच्या लुगड्याची पट्टी मला नाय दिसणार?"

"मग तार लावली का नाहीत?"

"काटा चालू झाला असता तर तिला तहान कशाला लागली असती?"

इंजिन निवल्यावर त्यांनीच बॉनेट उघडलं. त्या दोन गाठी सोडवायला त्यांना फार वेळ लागला. पट्टीची घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता लावा तुमची तार." गाडी सुरू झाली तसा काटा थरथरला आणि हळूहळू वर चढला. तलासरीपर्यंत मी काटा बघत होतो आणि मामा रस्ता बघत होते.

मामा अजूनही बाजाराला येतात, भाव सांगताना अजूनही लाजतात. काटा मध्यावरसुद्धा आलेला नसतो, तरी चारोटीच्या अलीकडे ते गाडी थांबवतात, बाटली काढतात आणि दोन घोट पाणी पितात.