ऐली कोर्पेलाचं बारा नंबरचं यंत्र

ऐली कोर्पेलाने माझ्या हार्डवेअरच्या दुकानात, थेट काउंटरवर, बर्फाच्या डब्यातून हरणाचा अख्खा खांदा काढून ठेवला, तेव्हा मी हबकलोच. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, शिकारीचा हंगाम ऐन भरात, दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, आणि ही एकाहत्तर वर्षांची बाई बाह्या वर सारून पिशवीत सुरी शोधतेय.

“ऐली, अगं हे काय?”

“खिमा करायचं यंत्र घ्यायचंय.”

“मग घे ना. मांस कशाला आणलंस?”

“तू बूट पायात न घालता विकत घेतोस का, आर्वो?”

गिऱ्हाइकं हसायला लागली. बावीस हंगाम दुकान चालवतोय, पण माल असा चाखून बघणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, या बाईकडून याहून मोठा धक्का आता काय बसणार!

आमच्याकडे, सरोवराच्या या काठाला, हरीण मारलं की ते घरीच सोलायचं, घरीच कापायचं. खाटकाकडे कापायला दिलं तर लोक असं बघतात, जसं काही तुम्ही शेजाऱ्याला आंघोळ घालायला बोलावलंय. कोर्पेलांच्या घरी तर अठ्ठेचाळीस वर्षं वाटणी ठरलेली होती. रेइनोने मारायचं आणि ऐलीने खिमा करायचा. रेइनो खांद्यावर नेम धरायचा. हाड फुटलं की जनावर जागीच बसतं, रानभर शोधत फिरावं लागत नाही. मग त्या खांद्याचं मांस, डुकराची चरबी आणि मिरी घालून ऐली सॉसेज करायची. सासूकडून आलेलं बिडाचं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळून बसवलेलं असायचं आणि त्याचा दांडा ती एकटी फिरवायची.

त्या दांड्याचा तिला भारी अभिमान. “माझ्या हाताला सगळं कळतं,” म्हणायची. शिर अडकली, हाडाची कपची आली, गोळीचा तुकडा आला, की दांडा किंचित अडखळायचा. ती थांबायची, पुढची चकती उघडायची, बोटाने तुकडा काढून एका बशीत ठेवायची आणि पाहुण्यांना ती बशी दाखवायची. कोर्पेलांच्या सॉसेजमध्ये कधी कुणाच्या दाताखाली कचकन काही आलं नाही, हे मी छातीठोक सांगतो. मी ते पोरवयापासून खाल्लंय.

आणि टाकायचं काही नाही! रेइनोचं म्हणणं, ज्याने जीव दिला त्याचं मांस उकिरड्यावर गेलं तर पुढच्या वर्षी रान हात आखडतं. गोळी लागून काळंनिळं पडलेलं तेवढं दोन बोटं कापायचं, उरलेलं नळाखाली धुऊन घ्यायचं. सगळा गाव असंच करतो. मीही करायचो.

तीन वर्षांपूर्वी रेइनो गेला. शिकार मुलाकडे, डॅरिलकडे आली. आणि यंदा ऐलीच्या मनगटाने दगा दिला. म्हणून हा खांदा माझ्या काउंटरवर.

या यंत्रांचा नंबर जेवढा मोठा, तेवढा गळा रुंद; मी आधी आठ नंबरचं यंत्र लावलं. चार मिनिटांत शिरांनी गळा आवळला आणि ते कण्हायला लागलं.

“हे दम्याचं दिसतंय,” ऐली म्हणाली.

बावीस नंबरचं लावलं. त्याने हातभर मांस दोन घासांत गिळलं, पण टेबल हादरलं आणि मागच्या फळीवरचे खिळ्यांचे डबे खाली आले.

“मला हरणाचा खिमा करायचाय, बाबा. रेल्वेचं इंजिन नाही दळायचं.”

मग बारा नंबर. पोलादी अंग, उलटं फिरवायचं बटण, गळा बेताचा. मांस सरळ, सुटं बाहेर आलं. मी सांगायला लागलो की मांस अर्धवट गोठलेलंच घालायचं, आधी मोठ्या भोकांची चकती लावायची, मग बारीक.

“अंडं कसं उकडायचं तेही सांगून टाक एकदा.”

पण पैसे काढायच्या आधी तिने चालू यंत्रावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. “आत काय चाललंय ते कळत नाही रे,” म्हणाली. “नुसतं घरघरतं.”

तेवढ्यात डॅरिल खोकं उचलायला आला. सहा फुटी गडी, कुठल्याही इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा. पण अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे नाचायची. तिसरीत दोनदा बसला, दहावीच्या आत शाळा सुटली. त्याने खोकं उचललं ते बरोब्बर उलटं, वरची बाजू दाखवणारा बाण जमिनीकडे.

“बाण कुठे बघतोय रे तो?” ऐली ओरडली. “देवाने हात सोन्याचे दिले, पण डोकी वाटली तेव्हा हा आळशी झोपला होता!”

दुकान हसलं. डॅरिलही हसला. तीस वर्षं तो या वाक्याला हसत आलाय.

डॅरिलची बायको मरिसा शिकागोची. दोन वर्षं तिने हरणाच्या मांसाला हात लावला नव्हता. सासू वाढायची, ती नम्रपणे ताट सरकवायची. पण त्या हिवाळ्यात तिची तान्ही लेक तिल्दा वरचं अन्न खायला लागली. पोरीला दात नाहीत, गाजर थुंकायची, वाटाणे थुंकायची. एके दिवशी आजीने बटाट्यात मऊ खिमा कालवून भरवला, तर वाटी चाटूनपुसून साफ. झालं! रोज आजीकडे दुपारची वाटी ठरली. ऐली दुकानात येऊन पोरीने आज किती घास खाल्ले ते सांगायची. सुनेने तिच्या हातचं शेवटी घरात घेतलं, याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

एप्रिलमध्ये मरिसा दुकानात आली. मागून ऐली. दोघींचे चेहरे पांढरेफटक.

“तुमचं यंत्र परत घ्या, आर्वो.”

“का? बिघडलं?”

“तिल्दाच्या रक्तात शिसं निघालंय.”

वर्षाच्या मुलांची रक्ततपासणी होते, त्यात कळलं. दवाखान्याची बाई घरी येऊन भिंतींचा रंग तपासायला खरवडून गेली, नळाचं पाणी बाटलीत भरून गेली. दोन्ही स्वच्छ. मग तिने विचारलं, पोर खाते काय?

“घरात नवीन काय आलं? तुमचं यंत्र,” मरिसा म्हणाली. “एवढीशी आहे हो ती. डॉक्टर म्हणतात, शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं.”

आता लाज वाटते, पण मी पोरीचं विचारायच्या आधी दुकानाच्या नावाचा विचार केला. ओरडलोच. “सगळं पोलाद आहे ते! शिशाचा कणही नाही त्यात!”

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” ऐली म्हणाली, “ते यंत्र आत काय चाललंय ते सांगत नाही.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी चिडलो. माझी धाकटी बहीण इर्मा जनावरांची डॉक्टर. तिच्याकडे घोड्यांच्या खुरांचे फोटो काढायचं एक्स-रे यंत्र आहे. म्हटलं, आणा तुमची खिम्याची पाकिटं रविवारी, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.

रविवारी सकाळी आम्ही पाच जण इर्माच्या खोलीत. तिने बारा नंबरवर केलेल्या खिम्याची चार गोठलेली पाकिटं एक्स-रेच्या पाटावर मांडली. पडद्यावर करड्या मांसात पांढरे ठिपके उमटले, कुणी रवा सांडावा तसे.

“हे यंत्राचं नाही,” इर्मा म्हणाली. “ही गोळी आहे. हाडावर आपटली की शिसं असं विखुरतं.”

मी सुटकेचा श्वास टाकला. ऐली मात्र ताठ झाली. “बघितलंत? डॅरिलची गोळी, पण यंत्राने ती तशीच जाऊ दिली! हाताने केलं असतं तर दांडा अडखळला असता.”

आणि तिने पिशवीतून आणखी एक पाकीट काढलं. तपकिरी कागद, कडा बर्फाने पांढऱ्या झालेल्या, वर पेन्सिलीने रेइनोच्या अक्षरात तारीख आणि ‘खांदा’. त्याच्या शेवटच्या हरणाचं. तीन वर्षं तिने ते फ्रीजरच्या तळाशी जपून ठेवलंय, हे डॅरिललाही माहीत नव्हतं.

“हे माझ्या हातचं. लाव, इर्मा. मग कळेल सगळ्यांना.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पडदा उजळला. रेइनोच्या पाकिटात ठिपके जास्त होते. इर्मा बोटाने मोजत गेली, तिसापर्यंत गेली आणि तिने बोट खाली घेतलं.

“पाट पुसला होतास का?” ऐलीने विचारलं.

इर्माने पाट पुसला. पाकीट उलटं ठेवलं. पुन्हा तेच.

“हाताला लागतात ते मोठे तुकडे,” इर्मा हळू आवाजात म्हणाली. “हे पिठाएवढे. कुठल्याच दांड्याला कळणार नाहीत. जखमेपासून वीतभर लांबसुद्धा जातात. दोन बोटं कापून काय होणार? आणि नळाखाली धुतलं की आणखी पसरतात.”

कोर्पेलांचं सॉसेज, माझ्या आईचं सॉसेज, मी स्वतः धुतलेले खांदे... आम्ही ज्याला काटकसर म्हणत होतो, पुण्य म्हणत होतो, ते हे होतं? मरिसा रडत होती. यंत्राला दोष द्यायला आलेली ती पोरगी सासूचाच दंड धरून रडत होती.

डॅरिलला असलं रडणं सोसत नाही. तो हसून म्हणाला, “एवढं काय गं आई? पोरीचं खाणं बंद केलं की उतरेल, डॉक्टर म्हणालेत ना. मी तर दात यायच्या आधीपासून हेच खातोय. मला काय झालं?”

कुणीच हसलं नाही. इर्मा उगाच बटणाशी चाळा करत राहिली. मी जमिनीकडे बघायला लागलो.

ऐलीने मुलाकडे पाहिलं. मग इर्माकडे वळून विचारलं, “याने मुलं शाळेत मागे पडतात?”

“पडू शकतात. याचं तसंच झालं असेल, असं नाही. आता ते कुणालाच सांगता येणार नाही, ऐली.”

डॅरिलचं हसू ओठांवरच राहिलं. त्याला समजलं असावं. ऐलीने रेइनोचं पाकीट उचललं, कोटाच्या आत धरलं आणि बाहेर जाऊन गाडीत बसली.

तिल्दाच्या रक्तातलं शिसं सप्टेंबरपर्यंत बरंच उतरलं. पोरगी धडधाकट आहे, मला ‘आब्बो’ म्हणते. डॅरिल आता तांब्याची गोळी वापरतो आणि नेम फासळ्यांवर धरतो. ऐली जखमेभोवतीचं मांस हातभर कापून खड्ड्यात पुरते, कुत्र्यालाही देत नाही. बारा नंबर अजून तिच्याकडेच आहे. नोव्हेंबरात ती सॉसेज भरायला जोडनळी घ्यायला आली आणि सोबत तिने एक लहान फ्रीजरही घेतला.

फ्रीजरचं खोकं उचलायला डॅरिल आला. त्याने उचललं, आणि बाण पुन्हा जमिनीकडे! दुकानात चौघं-पाच जण होते. सगळ्यांनी माना वळवल्या आणि ऐलीच्या तोंडाकडे बघायला लागले, हसायच्या तयारीत.

ऐली पुढे गेली. आपल्या दुखऱ्या मनगटाने त्याच्यासोबत तिने ते जड खोकं धरलं आणि सरळ केलं.

“आई,” डॅरिल खालच्या आवाजात म्हणाला, “बोल ना काहीतरी.”

तिने नकारार्थी मान हलवली. खोक्याची दुसरी बाजू सोडली नाही, आणि दोघं तसेच दाराबाहेर गेले.