शॅरनचं गप्प बसणं

आमच्या शॅरनला सगळं जमायचं, फक्त गप्प बसणं जमायचं नाही. आणि पगार तिला गप्प बसायचाच मिळत होता. असली कसली नोकरी, असं तुम्ही म्हणाल. असते बाबा, मीही तेच करते.

नगरला सावेडीत आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही गाईंच्या नोंदींचं ॲप बनवतो. दूध किती दिलं, लस कधी टोचली, आणि गाय आजारी पडली तर बटण दाबून डॉक्टर बोलवायचा. लोकांना ते वापरता येतं का, कुठं अडतं, हे त्यांच्या ओट्यावर बसून बघायचं, हे आमचं काम. बघायचं म्हणजे नुसतं बघायचं. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही.

अन् शॅरनच्या तर हाडातच सुचवणं! तिचे वडील सॅमसन सर शाळेत मास्तर, आणि ही लहानपणापासून चर्चच्या संडे स्कूलमध्ये. नाताळच्या नाटकात पडद्यामागं उभं राहून विसरलेलं वाक्य पुटपुटायचं काम कायम हिच्याकडं. मेंढपाळ जरा अडखळला की हिनं पुढचा शब्द फेकलाच म्हणून समजा. तीच सवय घेऊन ही खेड्यापाड्यांत फिरायची. एखाद्या बाईचं बोट फोनवर जरा थांबलं की हिच्याच कपाळाला घाम. "इथं दाबा ना मावशी, हिरवं बटण. सोपं आहे ना?" मावशी काय म्हणणार? "लई सोपं हाय की." दारात आलेल्या पाहुणीच्या कामाला तोंडावर नावं कोण ठेवतं आपल्याकडं? उलट जाताना पिशवीभर शेंगा बांधून देतात. शेंगा आम्ही ऑफिसात भाजून खाल्ल्या, पण ॲप कुठं अडतंय ते काही कळेना.

शेवटी आमचे साहेब अमृत सर वैतागले. "शॅरन, ह्या खेपेला एक तरी खरी मुलाखत आण. नाहीतर परत फोनवर बस."

फोनवर म्हणजे तक्रारींच्या टेबलावर. आधी ती तिथंच होती. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि 'सॉरी सर, सॉरी सर' करत राहायचं. त्या दिवसांत तिला घरी फोन वाजला तरी दचकायला व्हायचं. तिथून सुटली तेव्हा अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले होते पोरीनं. आता बाथरूममध्ये जाऊन रडून आली. मला दया यायला पाहिजे होती, आला राग.

"रडतेस काय? इथं माणसं बसलीत ना? विचार की त्यांना!"

गोरक्ष आमच्यातला सगळ्यात जुना. तो म्हणाला, "मी पण असाच होतो गं. आता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. हात मोकळे ठेवले की बटणाकडं पळतात." आरती म्हणाली, "मी चहाचा घोट तोंडात धरून ठेवते. गिळतच नाही." मग आरती शेतकरीण झाली, शॅरनसमोर फोन घेऊन मख्खासारखी बसली. शॅरन हात दाबून, गाल फुगवून समोर. जरा वेळ गेला आणि तिला राहवेना. "हिर..." एवढंच म्हणाली, ठसका लागला आणि सगळा चहा गोरक्षच्या शर्टावर. आम्ही हसून हसून लोळलो. ती मात्र हसली नाही. तोंड पुसलं आणि म्हणाली, "परत."

देवळाली प्रवऱ्याला निघालो तेव्हा गाडी गोरक्ष चालवत होता. शॅरन मागं माझ्या शेजारी. बाई गं, किती ती चुळबूळ! काच खाली, काच वर. पाण्याची बाटली उघड, लाव. विळद घाट उतरेपर्यंत माझ्या फोनची बॅटरी तिनं इतक्यांदा विचारली की मी फोन तिच्या मांडीवरच टाकला. रेकॉर्डिंग माझ्या फोनवर व्हायचं. राहुरी मागं पडल्यावर ओठ हलायला लागले. प्रार्थना चालली होती, मग मीही काही बोलले नाही.

घर होतं छबूबाईंचं. त्यांचे मालक सूर्यभान नगरला एमआयडीसीत कामाला, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी. ॲपचा फोन बायकोच्या हातात दिला तर उत्तरं यांची! "हिला काय इचारता? हिला मोबाईल येत न्हाई. हिच्यापायीच गाभण गाय गेली आमची, डागदरला फोनच लावता आला न्हाई." असं म्हणून हसले. छबूबाई खाली बघत राहिल्या. गोरक्षनं ओळखलं. "दादा, विहिरीवरची मोटर दाखवा की," म्हणत त्यांना रानात घेऊन गेला.

माझ्या फोनवर रेकॉर्डिंग लावून शॅरननं विचारलं, "मावशी, समजा आत्ता गाय आजारी पडली. काय कराल?"

आणि छबूबाईंनी दिलेल्या चहाचा घोट तोंडात धरून हात मांडीखाली घातले.

छबूबाईंचं बोट बटणापाशी गेलं आणि थांबलं. हलेना. चुलीपाशी कोंबडी आली, गेली. शॅरनच्या तोंडात चहा, गाल फुगलेले, मान लाल झालेली. माझाच जीव वरखाली व्हायला लागला. दाब की बाई एकदाचं!

छबूबाईंनी फोन खाली ठेवला.

"मला येतंय हे बटन. डागदरचा नंबर तर तवाबी पाठ हुता." आवाज अगदी बारीक. "पन ह्यांनी ताकीद दिल्ती, मला इचारल्याबिगर डागदर बोलवायचा न्हाई. कंपनीत ह्यांचा फोन गेटवर काढून घेत्यात. मी आपली लावतीय, लावतीय. गाय फुगत गेली, डोळ्यादेखत गेली. अन् आता गावभर सांगत्यात, हिला मोबाईल येत न्हाई."

शॅरननं घोट गिळला. हीच ती खरी मुलाखत! मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात छबूबाई दचकल्या. "हे नका घेऊ हां, पोरी. घरात कालवा व्हईल."

"नाव न टाकता घेऊ का, मावशी?"

एवढंच विचारून परत गप्प. अगं, आता तरी बोल! समजाव त्यांना, नोकरी जाईल तुझी! मी कोपरानं ढोसलं सुद्धा. ती हलली नाही.

छबूबाईंनी विचार केला. "न्हाई," म्हणाल्या.

शॅरननं माझा फोन उचलला आणि त्यांच्यासमोर सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. गेली पोरगी परत फोनवर. इतकी चिडले मी, की डोळ्यांत पाणी आलं.

सूर्यभान आणि गोरक्ष परत आले. सूर्यभान ओट्याच्या पायरीवर टेकले. "काय मॅडम, जमलं का आमच्या हिला?"

विचारलं शॅरनला. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सावरून घेणार, काहीतरी गोड बोलून टाकणार. तिनं तोंड मिटलं आणि छबूबाईंकडं बघत बसली.

सूर्यभान एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघायला लागले.

"मला समदं जमतंय," छबूबाई म्हणाल्या. "त्या दिशीबी जमत हुतं. तुमची परवानगी तेवढी गेटवर अडकली हुती."

सूर्यभान हसायला गेले. आमच्यातलं कुणी हसलं नाही, तसा त्यांचाही चेहरा उतरला. पायातली वहाण नुसती उगाच सारखी करत राहिले.

छबूबाईंनी पदर खोचला. ओट्यावरचा माझा फोन उचलून शॅरनच्या हातात दिला.

"कर चालू, पोरी. पहिल्यापासून सांगते. अन् नाव टाक माझं."