वरची चिठ्ठी

आमच्या खोलीत कागद मरायला येतात, असं शिपाई म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला! येतात ते फोटो काढून घ्यायला. जुन्या दप्तराचे गठ्ठे सोडायचे, पिना काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, मग स्कॅन, मग प्रत्येक फाइलला ठरलेल्या पद्धतीनं नाव. खोलीची प्रमुख मी, पण राज्य चिमटाबाईंचं. हातात कायम चिमटा आणि बोलण्यात त्याहून जास्त, म्हणून हे नाव. कुणी गंजलेली पिन ओढून काढली की लगेच विचारणार, "दात उपटताय का?"

लहानमोठे कागद एकत्र घातले की यंत्रात अडकतात, म्हणून ते आकाराप्रमाणे लावावे लागतात. पण त्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं बारीक आकडा टाकायचा. म्हणजे काम झाल्यावर गठ्ठा होता तसा परत लावता येतो. आकडा न टाकता कुणी पानं हलवली की चिमटाबाई कपाळावर हात मारत. "झालं! लावली वाट."

त्यांचे मिस्टर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून ते चिठ्ठ्यांवर बोलायचे. कॅलेंडरचं पान, औषधाचं खोकं, हाताला येईल त्याचा तुकडा फाडायचा आणि पाटीवरच्यासारख्या टपोऱ्या अक्षरात लिहायचं. वाचून झालेली चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात जायची, जुनी खाली, नवी वर. रोज सकाळी बाई निघाल्या की एक चिठ्ठी पुढे यायची: "डबा घेतलास?" बाई घाईत असायच्या. चिठ्ठीत काय आहे ते माहीत असायचं. न बघताच ती डब्यात टाकून त्या म्हणायच्या, "घेतला हो," आणि चपला घालायच्या.

अशाच एका दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला. बाई पोचल्या तेव्हा मिस्टर गेले होते.

पुढे घरात माणसं येत-जात होती. बाई कोपऱ्यात बसून होत्या. कुणीतरी तो चिठ्ठ्यांचा डबा समोरून हलवायला लागलं, तेव्हा त्यांनी तो घेतला आणि उघडला. हात आपोआप चालायला लागले. सुरकुत्या काढल्या, कोपरे सरळ केले, लहान लहानांत, मोठ्या मोठ्यांत. मुलगी येऊन म्हणाली, "आई, सगळ्यात वरची कोणती होती गं? बाबांची शेवटची?" तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. आकडे टाकलेच नव्हते.

हे सगळं त्यांनी मला कामावर परत आल्यावर सांगितलं, चिमट्यानं एक पिन सोडवता सोडवता, आवाज न बदलता. "मला रडू येत नाही, मॅडम. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. आहे सगळं जागेवर, पण लागत काही नाही." मी चहा मागवला. त्यांनी तो प्यायला, म्हणजे कप रिकामा झाला एवढंच.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या चिठ्ठ्यांचा डबा घेऊन आल्या. घरचे कागद आमच्या यंत्रावर घालायला परवानगी नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि बाईंनी स्कॅन करून घेतलं. पडद्यावर एकेक चिठ्ठी येत होती. पंखा कमी कर. नळ गळतोय. डबा घेतलास? भाजीत मीठ विसरलीस, तरी खाल्ली. डबा घेतलास? डबा घेतलास?

एका चिठ्ठीपाशी त्या थांबल्या. "आज थांबशील?"

"बाकीच्या सगळ्या आठवतात," बाई म्हणाल्या. "ही मी पाहिलेली नाही. मुलगी म्हणते, तू एकदा रजा घेऊन थांबली होतीस, त्या दिवसाची असेल. मला तर त्या दिवसांतलं काही आठवत नाही. मॅडम, ते आजारी असताना मी रजा घेतली होती का हो?"

खोलीतल्या सगळ्यांच्या रजेवर सही माझी असते. मिस्टर जाईपर्यंत बाईंनी एकही रजा घेतली नव्हती. मीच सगळ्यांपुढे त्यांचं कौतुक केलं होतं, बघा, असं असावं काम.

"घेतली होती की," मी म्हटलं. "एक दिवस. विसरलात तुम्ही."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी फाइलला नाव द्यायला घेतलं. बाकीच्या चिठ्ठ्यांना नियमाप्रमाणे 'क्रम अज्ञात' लिहिलं होतं. या चिठ्ठीपुढे त्यांनी लिहिलं, 'शेवटची'.

"अहो बाई, मी आत्ता सांगितलं ना..."

"ऐकलं, मॅडम. पण आपल्या खोलीचे हजेरीचे कागद मीच स्कॅन केलेत, गेल्या आठवड्यात."

"मग मला कशाला विचारलंत?"

"कुणीतरी एकदा हो म्हणावं, असं वाटत होतं." त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला. "त्यांनी विचारलं थांबशील का, आणि मी म्हटलं, घेतला हो. चपला घातल्या आणि आले इकडे, पिना काढायला."

चिठ्ठ्या आकाराप्रमाणे होत्या तशाच बाईंनी डब्यात भरल्या. ती एक तेवढी सगळ्यात वर ठेवली आणि झाकण लावलं.

"उद्याची एक रजा लिहा माझी," त्या म्हणाल्या. "घरी थांबते."