आप्पांच्या क्लॅरिनेटभोवतीची राखाडी चौकट

न्हावऱ्याच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला मायक माझ्या हातात होता. निवेदकाचं काम लांबून फार रुबाबदार दिसतं, पण अर्धा वेळ तो नुसता पोस्टमन असतो. खालून चिठ्ठ्या येत राहतात. कुणाची मोटारसायकल आडवी लागलीय, कुणाचं पाकीट सापडलंय, कुणाच्या पाहुण्यांनी स्टेजजवळ यावं. चिठ्ठी उघडायची आणि आधी आवाज लावायचा, अर्थ मागाहून कळला तरी चालतो, अशी माझी इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशीही समितीच्या माणसानं चिठ्ठी पुढं केली आणि मी खणखणीत सुरुवात केली, "शिरूरचे वेबसाइटवाले, आपल्या सर्वांचे लाडके भानुदासभाऊ, यांचं आज सकाळी…" आणि तिथं माझा आवाज बसला. पुढचे शब्द डोळ्यांना दिसत होते, तोंडात येत नव्हते. 'लाडके' हा शब्द चिठ्ठीत नव्हताच, तो मी सवयीनं भरला होता. लोकांना वाटलं, भान्यानं काहीतरी बक्षीस लावलं असणार. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो कॉम्प्युटरपुढं बसला आणि बसल्या जागी गेला. हृदयविकार. आदल्या संध्याकाळी ह्याच माणसानं माझ्या ताटातली मिरचीची भजी पळवून खाल्ली होती. आता काही आठवडे झाले, तरी मला कुणी "भानुदास गेले" म्हटलं की पहिल्यांदा मनात येतं, कुठं गेले? दौंडला का? आणि त्या दिवशी न्हावऱ्यात माझ्या सदऱ्याच्या खिशात त्याच्याच हातची दुसरी एक चिठ्ठी होती, मायकावरून वाचायला दिलेली.

भान्या आणि मी दौंडला एका बाकावर बसून शिकलो. त्याच्या वडिलांचा, आप्पांचा, ब्रास बँड होता. लाल कोट, सोनेरी बटणं, पुढं आप्पा क्लॅरिनेट घेऊन, आणि मागं ड्रम बडवत भान्या. त्याचा हात तालात पक्का, पण मन तिथं नव्हतं. कॉलेज झालं तसा तो पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला आणि शिरूरला खताच्या दुकानावर एक खोली घेऊन वेबसाइटी बनवायला लागला. सणसवाडीतल्या भाड्याच्या खोल्या, कारेगावचे डबेवाले, आसपासची मंगल कार्यालयं, सगळ्यांना त्यानं इंटरनेटवर नेलं. आप्पांनी मात्र मनात धरलं होतं की पोराला लाल कोटाची लाज वाटते. म्हणूनच भान्यानं सगळ्यात आधी, फुकटात आणि जीव ओतून पान बनवलं ते आप्पांच्या बँडचं. पानावर आप्पांचा फोटो. फोटोवर माऊसनं एकदा दाबलं की नवरी निघताना वाजवायची त्यांची स्वतः बांधलेली धून सुरू व्हायची. ते पाहून आप्पा विरघळले. दौंडच्या सायबर कॅफेत ओळखीपाळखीच्याला हाताला धरून न्यायचे आणि म्हणायचे, "दाबा. घाबरू नका, दाबा."

मग एक दिवस एका बागायतदाराला ते असंच घेऊन गेले. त्याच्या मुलीच्या लग्नाची सुपारी मिळायची होती. बागायतदारानं दाबलं आणि काहीच झालं नाही. फोटोभोवती एक राखाडी चौकट उमटली आणि खाली इंग्रजीत एक ओळ. कॅफेतल्या कुणाला ती नीट वाचावीशी वाटली नाही. बागायतदार खुर्चीतून उठत म्हणाला, "आप्पा, तुमची क्लारनेट बी आता म्हातारी झाली म्हणायची." सगळा कॅफे हसला. आप्पा घरी आले ते एकच वाक्य घेऊन, "माझ्या पोरानं माझी क्लारनेट बंद पाडली."

भान्यानं धावत येऊन पाहिलं. धून तिथंच होती, फक्त आता दोनदा दाबावं लागत होतं. पहिलं दाबणं परवानगीचं, दुसरं गाण्याचं. त्यानं पानाला हात लावला नव्हता, तरी पान बदललं होतं. चार दिवस शोधाशोध करून तो माझ्याकडं आला तेव्हा तोंड पांढरंफटक पडलेलं होतं. परदेशात काही लोकांनी पेटंट घेतलं होतं. कशाचं, तर वेबपानाच्या आत दुसरी वस्तू चालवायची, म्हणजे गाणं, हलतं चित्र, खेळ, त्या पद्धतीचं. ब्राउझर बनवणाऱ्या बड्या कंपनीवर त्यांनी दावा लावला आणि कोर्टानं बड्या कंपनीला दणका दिला. मग कंपनीनं शक्कल काढली की वस्तू आपोआप चालू ठेवायचीच नाही, आधी माणसानं एकदा दाबून तिला जागं करायचं. तसा बदल ब्राउझरमध्ये गेला आणि जगभरातली असली सगळी पानं एका झटक्यात अडखळायला लागली. मी आधी हसलो. मग त्याचं तोंड बघून मला कळलं की हा थट्टा करत नाहीये, आणि माझंही हसू गेलं. सातासमुद्रापलीकडं दोन पक्षांनी भांडावं आणि दौंडच्या कॅफेत एका बँडमास्तराची मान खाली जावी, हे पचतच नव्हतं.

आप्पांपुढं आम्ही दोघं बसलो. भान्यानं सगळं सांगितलं. आप्पांनी क्लॅरिनेट पुसत पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धून माझी, वाजवणारा मी, पान माझ्या पोराचं. आन् परवानगी कुणाची?"

"आप्पा, पेटंट असतंय तसं."

"उद्या कुणी म्हणंल, नळीत फुकायची आयडिया आमची. मग मी तोंडाला कुलूप लावू व्हय? सरळ सांग की, तुला जमलं न्हाई. कोटाची लाज वाटती म्हणून करून ठिवलंस."

भान्या उठून बाहेर गेला. त्यानंतर आप्पा त्याच्याशी बोलेनासे झाले. जेवायला वाढा, पाणी द्या, सगळं त्याच्या आईमार्फत. ती बिचारी एका घरात दोन्हीकडचा टपाल खात्याचा कारभार सांभाळत होती.

पुढं भान्याला वाट सापडली. वस्तू पानात थेट मांडायचीच नाही, शेजारच्या एका फाइलीतून तिला पानात आणवायची, मग ब्राउझर चौकट घालत नाही आणि एकदाच दाबून भागतं. दुसरा कुणी असता तर आनंदानं नाचला असता. भान्याला नवीच भीती बसली, ही युक्तीसुद्धा उद्या कुणी आपल्या नावावर केली तर? बायकोच्या माहेरचे एक वकील पुण्यात होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, जे आधीच जाहीर झालंय, चारचौघांना ठाऊक झालंय, त्याच्यावर कुणाला पेटंट मिळू नये असा नियम आहे. वकिलांच्या डोक्यात असणार जाडजूड मासिकं. पण आमच्या भागात जाहीर करणं म्हणजे एकच, मायकावरून सांगणं. भान्यानं ती युक्ती आपल्या पानावर टाकली खरी, पण समाधान होईना. म्हणाला, "पान उद्या बंद पडंल. पण एवढ्या माणसांच्या कानातनं कोण काढून घेणारे?"

तर त्या वर्षी न्हावऱ्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्यांच्या दोन बाऱ्यांच्या, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये, सरपंच आणि पोलीस पाटील स्टेजवर असताना मी जगातली बहुधा पहिलीच असली दवंडी पिटली. "ऐका मंडळी. दौंडच्या आप्पांच्या बँडचं इंटरनेटवरचं पान दोनदा दाबावं लागत होतं. त्यात त्यांच्या पोराचा काडीचा दोष नाही. दोष परदेशातल्या पेटंटच्या भांडणाचा आहे, आणि त्यापायी जगातली असली सगळी पानं अडलेली आहेत. आता भानुदासनं उपाय काढलाय…" असं करत मी फाइलीची सगळी युक्ती सांगितली आणि शेवटी म्हणालो, "आजपासून ही सर्वांची. कुणीही वापरावी, कुणीही नावावर करू नये." पोराचा दोष नाही वगैरे वाक्यं चिठ्ठीत नव्हती. चिठ्ठीत नसलेलं वाचायची खोड मला तेव्हापासूनची. बैलवाले एकमेकांकडं बघत होते. एकानं ओरडून विचारलं, "नांगराला चालंल का ती?"

आप्पा त्या दिवशी यात्रेत वाजवायला आले होते, मांडवात टेकून बसले होते. ते उठले, बँडच्या पोरांना बाजूला सारत भान्यापाशी गेले आणि म्हणाले, "मग हे मला एवढे दिवस का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं की आप्पा. घरी बसून सांगितलं."

"मायकावर कुठं सांगितलंस?"

आप्पांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि लाल कोटाच्या बाहीनं डोळे पुसायच्या आत धून सुरू केली… तेव्हा बारी सोडायची मी विसरलो होतो, हे समितीनं मला पुढं बरेच दिवस ऐकवलं.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. भान्याला काही सुचलं की एक चिठ्ठी पानावर आणि एक माझ्या हातात. शर्यती बंद होत्या त्या काळात मी कुस्त्यांच्या आखाड्यात वाचली, लग्नांत अक्षतांच्या आधी वाचली. मंगल कार्यालयाच्या पानावर त्यानं लग्नाचा व्हिडिओ लावला तर एका ब्राउझरमध्ये नवरा-नवरी चालायचे आणि दुसऱ्यात नुसता काळा चौकोन, कारण व्हिडिओ बारीक करायच्या पद्धतीवर पेटंटं आणि दुसऱ्या ब्राउझरवाल्यांना ती परवडत नव्हती. मग तो एकाच लग्नाचे दोन व्हिडिओ ठेवायचा. "एका लग्नाला दोन वराती," मी म्हणायचो. तो हसायचा, पण मनातून दर वेळी नव्यानं हादरायचा. पान माझं, आणि त्यात काय चालायचं ते भलतंच कुणी ठरवतंय, ह्याची त्याला सवय कधी झालीच नाही.

शेजारच्या फाइलीची युक्ती जगात आणखीही कितीतरी जणांना सापडली होती, हे मागाहून कळलं. त्याला बरंच वाटलं. ते मूळ पेटंटही पुढं कोर्टात टिकलं नाही म्हणे. आणि ज्या वस्तूंवरून एवढं रामायण झालं, ती जातच ब्राउझरांनी नंतर काढून टाकली. तोवर आप्पाही गेले होते. पान राहिलं, फोटो राहिला, धून मुकी झाली.

शेवटच्या संध्याकाळी शिरूरच्या खोलीत भजी खात त्यानं मला मोबाइलवर तेच पान नव्यानं केलेलं दाखवलं. फोटोवर बोट ठेवलं की आप्पांची धून वाजते. बोट उचललं की थांबते, पुन्हा ठेवलं की तिथूनच पुढं.

"म्हंजी बँड ऐकायला बी आता माणूस राबवणार व्हय रं?" मी म्हणालो.

"आप्पांचं बोट भोकावर असंपर्यंतच सूर यायचा न्हवं?" तो म्हणाला. "तवा परक्या लोकांनी एक दाब जादा घ्याय लावला, राग आला. ह्यो माझ्या मनानं मागतोय." मग चिठ्ठी माझ्या खिशात घालून वरून थापटली. "उद्या न्हावऱ्यात वाच. आन् माझ्या नावाला काय चिकटवू नको, जेवढं लिव्हलंय तेवढंच."

त्या दिवशी घाटावर टाळ्या थांबल्यावर मी आधी ती बातमी पुरी वाचली. मग खिशातली चिठ्ठी काढून वाचली, जेवढी लिहिली होती तेवढीच. कुणी नांगराचं विचारलं नाही.

आता मी चिठ्ठी आधी डोळ्यांनी वाचतो. आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्टेजच्या मागं उभा राहून मोबाइलवर आप्पांचं पान उघडतो. परवा मी असाच उभा असताना समितीचा माणूस घाईघाईनं आला, "चला, जोड्या उभ्या हायेत." मी चिठ्ठी डाव्या हातानं घेतली. उजवा अंगठा गुंतला होता. तो बघत राहिला, मग त्यानंही हळूच कान पुढं केला. आप्पांचा शेवटचा सूर लांब आहे. तो संपला, तेव्हा मी अंगठा उचलला.