न फुटलेलं डोकं

सुनेचं आणि सासऱ्याचं लग्नाच्या दिवसापासून कधी पटलंच नाही. सासरा सुतार. हात सोन्याचे, तोंड मात्र गटार. हृदयातली झडप बदलल्यापासून त्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागे. मुलाने अंग काढून घेतलं, म्हणून गोळी द्यायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं. पूर्वी बोट कापलं की म्हातारा त्यावर भुसा दाबून पुन्हा कामाला लागायचा. आता रक्त थांबता थांबत नसे. मग तो गिऱ्हाइकांसमोर बोंब ठोकायचा, "बघा, सून विष चारतेय मला!" ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका दुपारी ती डबा घेऊन कारखान्यात गेली, तेव्हाच भिंतीला टेकवलेली चौकट निसटून त्याच्या कानशिलावर आदळली.

"दवाखान्यात चला. डोक्याला मार लागला तर लगेच दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"थेंबभर तरी रक्त आलंय का?" म्हातारा खेकसला. "उगाच शहाणपणा शिकवू नकोस. रक्त नाही, तर जखम नाही."

"मरा मग!" म्हणून ती तरातरा निघून गेली.

संध्याकाळी तो भिंत धरत घरात आला. चहाचा कप हातातून सुटला, तरी तोंडातून एक शिवी नाही. काहीतरी बिनसलंय, हे तिने तिथेच ओळखलं.

"दमलेत बाबा, झोपू दे," नवरा म्हणाला. तेवढ्यात म्हाताऱ्याला भडाभडा उलटी झाली. तिने नवऱ्याला बाजूला सारून ॲम्ब्युलन्स बोलावली.

इमर्जन्सीत कोणी नाव विचारायच्या आधीच ती ओरडली, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे! सकाळीच घेतलीय!" स्कॅन झाला. डोक्याच्या आत रक्त साचत होतं. गोळीचा असर उतरवणारी औषधं दिली, मग ऑपरेशन केलं. म्हातारा वाचला.

तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, वेळेवर कोणी आणलं तुम्हाला?"

"मुलानं. लाखात एक आहे माझा मुलगा."



"मी आणलं," सून म्हणाली. "आणि माझा जीव तुटत होता म्हणून नाही. हे मेले असते, तर सगळे म्हणाले असते की हिनंच गोळ्या चारून मारलं. ते ऐकायचं नव्हतं मला."

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. पुढची काळजी कशी घ्यायची, हे सांगायला डॉक्टरीणबाई सरळ सुनेकडेच वळल्या. आणि ती दातओठ खात, एकेक शब्द नीट ऐकत राहिली.